उत्तर काठावरचं लपण

५ डिसेंबर

मास्तर म्हणाले, नुसते फोटो काढून भागत नाही, नोंदी ठेवा. कुठला पक्षी, कुठे दिसला, काय करत होता, हवा कशी होती. मास्तर म्हणजे शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्या पक्षीवाल्या टोळक्यात त्यांचा कान पहिला आणि डोळा शेवटचा, असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्या शब्दाखातर ही वही.

तर नोंद. तळं, उत्तरेचा काठ. दाट धुकं. चांदवे पुष्कळ, राखी बगळा एक, पाणकावळे खांबांवर पंख वाळवत बसलेले. लपण आज पुरं झालं. बांबू, त्यावर मातकट ताडपत्री, वरून वाळकं गवत, समोर लेन्सपुरती फट. आत एक मोडकं स्टूल. बाहेरून पाहिलं तर काठावरचा उंचवटाच वाटावा. बगळा अगदी हाताच्या अंतरावर येऊन उभा राहिला, पण त्याला पत्ता लागला नाही. मी दिवसभर दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवतो. कवळी चांगली झाली की ती कवळी आहे हे कळत नाही. लपणही तसंच जमलंय.

हेच तळं का, असं टोळक्यातल्या एकाने विचारलं. जवळ पडतं म्हणून. दुसरं काही कारण नाही.

११ डिसेंबर

मास्तरांना आठवड्याचे फोटो दाखवले. त्यांनी एकेक करून सगळे पाहिले. मग म्हणाले, “अहो, तुमचा पक्षी धूसर येतो आणि मागचं पाणी स्वच्छ. प्रत्येक फोटोत. लेन्स दाखवून घ्या एकदा.”

दुकानात दाखवली. लेन्स उत्तम आहे म्हणाला. मग हात हलत असणार. ट्रायपॉड घेतला.

मला खरी हवीय ती फटाकडी. लव्हाळ्यांच्या बुडाशी राहणारा तपकिरी, भित्रा पक्षी. मास्तरांनी आजवर तिचा फक्त आवाज ऐकलाय. ती उघड्यावर आली तर क्षणभरच येते म्हणतात.

हिला फटाकडीबद्दल सांगावं असं जेवताना मनात आलं, पण राहिलं. हिला पक्ष्यांत रस नाही. आमच्या घरात भांडण नाही, आदळआपट नाही. अरुंद जिन्यात समोरासमोर आलेली माणसं एकमेकांना वाट देतात, तसं आमचं चालतं. ती स्वयंपाकघरात असली की मी बाहेरच्या खोलीत, मी आत गेलो की ती गॅलरीत. मधली खोली बंद असते.

आज तिने प्लेट माझ्यापुढे ठेवली. तिचा पुढचा दात गेल्या वर्षी पडला तेव्हा मीच ती एका दाताची प्लेट करून दिली होती. म्हणाली, “ढिली झालीय.”

“सारखी काढघाल करतेस का?”

“नाही तर.”

तार आवळून दिली. काढघाल न करता इतकी ढिली कशी होते, कळत नाही.

१९ डिसेंबर

आज नवा आवाज. लव्हाळ्यांतून, उजवीकडून. दोन सूर, दुसरा चढा, आणि त्या दुसऱ्या सुराच्या शेवटाला हवा निसटल्यासारखी फुसफुस. तीनदा आला आणि थांबला. धुक्यात काही दिसलं नाही. चांदवे मात्र सगळे एकाच दिशेला माना करून थबकले होते.

नोंदीत काय लिहू? ‘अनोळखी पक्षी’ असं लिहितो. पण आवाज आला तेव्हा मी स्टुलावरून अर्धवट उठलो होतो आणि हात खिशात गेला होता. खिशात किल्ल्या होत्या. किल्ल्या कशाला काढत होतो कोण जाणे.

२३ डिसेंबर

पुन्हा तोच आवाज. या वेळी मोबाइलवर रेकॉर्ड केला. एका फोटोत लव्हाळ्यांमध्ये काहीतरी उभं, गडद दिसतं. पक्षी एवढा उंच नसतो. खुंट असेल. मोठा करून पाहिला तर नुसते ठिपके.

घरी परतलो तर हिने चहा देताना विचारलं, “काय दिसलं आज?”

असं ती कधी विचारत नाही. मी गडबडलो. “काही विशेष नाही,” म्हटलं. ती थोडा वेळ कप धरून उभी राहिली आणि आत गेली. तिच्या साडीचा काठ ओला होता आणि त्याला गवताची कुसळं चिकटली होती. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितल्यापासून मी निघालो की तीही फिरायला बाहेर पडते. दव फार पडतंय सध्या.

२८ डिसेंबर

मास्तरांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून रेकॉर्डिंग ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं.

“हा पक्षी नाही,” ते म्हणाले. “माणूस आहे. शिट्टी आहे ही. आणि पुढचा दात नाही त्याला, किंवा तुटलाय. माझ्या बँडमध्ये असा एक होता, त्याच्या बासरीतून असाच वारा निसटायचा. तुम्ही तर दातवाले, तुमच्या आधी लक्षात यायला हवं होतं.”

माझ्या लक्षात आलं होतं. पहिल्याच दिवशी आलं होतं बहुतेक. लिहिलं नाही एवढंच.

आता लिहितो. त्याचा पुढचा दात सायकलवरून पडून अर्धा तुटला होता. टोपी बसवून देतो म्हणून मी किती मागे लागलो, तर म्हणायचा, “राहू द्या हो बाबा, शिट्टी काय झकास येते.” कॉलेजातून आला की रस्त्यावरून दोन सुरांची शिट्टी घालायचा, आणि आम्ही गॅलरीतून खाली किल्ल्या टाकायचो. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर याच तळ्यात पोहायला उतरला. बाकीचे वर आले.

मास्तरांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी विचारलं, “ओळखीचं कुणी आहे का?” मी नाही म्हटलं.

२ जानेवारी

चार सकाळी गेलो नाही. अंथरुणात पडून राहिलो. ही मात्र ठरल्याप्रमाणे फिरायला जाऊन आली आणि आल्यावर म्हणाली, “आजही गेला नाहीत?” आवाजात थोडी तक्रार होती. हिला माझ्या पक्ष्यांचं काय पडलंय आता?

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. दिवसभर प्लास्टर, मेण आणि तारा हाताळतो. पण काल दवाखान्यात मेण तापवत ठेवून खिडकीशी उभा राहिलो आणि मेण जळून गेलं. डॉक्टरीणबाई आत येऊन म्हणाल्या, “कुणाची वाट बघताय?” मी म्हटलं, “पोस्टमनची.”

उद्या जाणार. ते जे काही आहे, त्याला माझ्या न जाण्याने वाईट वाटू नये.

हे वाक्य लिहून खोडणार होतो. राहू दे.

३ जानेवारी

क्रमाने लिहितो.

धुकं इतकं की लेन्सचं तोंड दिसेना. शिट्टी झाली नाही. बराच वेळ बसलो. मग मला काय सुचलं, मी मोबाइल फटीतून बाहेर धरला आणि रेकॉर्डिंग लावलं. पूर्ण आवाजात. फटाकडीला बोलावण्यासाठी लोक तिचा आवाज वाजवतात ना, तसं. दोन सूर पाण्यावरून गेले आणि पलीकडून परत आले.

मग लव्हाळ्यांतून उत्तर आलं. ती शिट्टी नव्हती. आधी दबलेला आवाज, तोंडावर हात दाबल्यासारखा, आणि मग मोकळा झालेला. जखमी जनावराचा असावा. बगळे मारामारीत असे ओरडतात असं मी कुठेतरी वाचलंय. हा बगळा नव्हता.

मी पळालो. ट्रायपॉड, पिशवी, सगळं टाकून पळालो. स्कूटर दोनदा बंद पडली.

घरी कुणी नव्हतं. ही उशिरा आली. डोळे लाल होते. “धूळ गेली,” म्हणाली. मी तिच्याकडे नीट बघू शकलो नाही, माझाच चेहरा तिला दिसू नये म्हणून.

४ जानेवारी

उन्हं वर आल्यावर ट्रायपॉड आणायला गेलो. तो लपणात होता. पाय व्यवस्थित दुमडलेले, आणि ते उघडू नयेत म्हणून कापडाच्या चिंधीने बांधलेले. पिशवी ताडपत्रीखाली सरकवलेली, दव लागू नये अशी. चिंधीची गाठ छान, पक्की, दोन पदरी.

मास्तरांना फोन केला. ते तळ्यावर आलेच नव्हते.

मी स्टुलावर बसलो आणि ती चिंधी हातात घेऊन बसूनच राहिलो. भीती वाटली पाहिजे होती. वाटलं ते वेगळंच काहीतरी. कुणीतरी आपलं आवरून ठेवलंय, एवढंच मनात येत राहिलं.

९ जानेवारी

धुकं विरळ. उजेड चांगला. लव्हाळी हलली आणि एक बाई बाहेर आली. डोक्यावरून करडी शाल. पायवाटेने नाही, जुन्या गिरणीच्या मागून येणाऱ्या आडवाटेने. मी लेन्स पूर्ण ताणून तिच्यावर नेली. तिने मागे-पुढे पाहिलं नाही. तोंडात बोट घालून काहीतरी काढलं, पदराला पुसलं आणि रुमालात गुंडाळलं.

माणसाचा चेहरा ओळखायला मला वेळ लागतो, पण माझं काम मी लांबूनही ओळखतो. ती माझी प्लेट होती.

मग हिने शिट्टी घातली. तीच. तशीच. सत्तावीस वर्षं संसार केला, पण हिला शिट्टी येते हे मला माहीत नव्हतं.

आणि मग ती बोलू लागली. पाण्याशी. म्हणजे त्याच्याशी.

“काल रात्री जेवण करपलं रे सोन्या. तुझे बाबा चकार शब्द न बोलता जेवले. पूर्वी कसे ताट सरकवायचे. तसं सरकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.” थोडं थांबून, “ते आता पक्ष्यांचे फोटो काढतात. चांगले असतील. मला दाखवत नाहीत.”

पाणी तिच्या डाव्या हाताला होतं, पण ती तोंड माझ्या बाजूला करून उभी होती. पाण्यावरचा वारा तोंडावर नको म्हणून असेल. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. लपणाची मला आज खरी किंमत कळली. तिला जराही संशय आला नाही.

१५ जानेवारी

रोज जातो. रोज येते.

मधल्या, त्याच्या खोलीतल्या पंख्याचं पातं वाकलं होतं, ते तिने दुरुस्त करून घेतलंय म्हणे. मला ठाऊकच नव्हतं. त्याच्या वर्गातल्या मुलीचं लग्न झालं, रस्त्यात भेटली, रडली. शेजारच्या आजोबांना आता ऐकू येत नाही, त्यामुळे ते सगळ्यांना हो म्हणतात, आणि परवा त्यांनी एका विक्रेत्यालाही हो म्हणून दोन कुकर घेतले. हे सांगताना ती हसली. मीही आत हसलो आणि खोकला आला. दाबला, पण थोडा निसटलाच. ती बोलायची थांबली आणि वाट पाहत राहिली. पाणकावळा ओरडला असं तिला वाटलं असावं.

घरी मी काही दाखवत नाही. कळलं तर ती लाजेल, आणि तिचं तळ्यावर येणं बंद होईल. तिच्या मनातलं मला असं ऐकायला मिळतंय, ते तरी राहू दे.

चहा पिताना आज तिने विचारलं, “खोकला झालाय का?”

“नाही,” म्हटलं.

२० जानेवारी

वाईट बातमी.

“सोन्या, मावशी बोलावतेय,” ती म्हणाली. मावशी म्हणजे माझी मेहुणी. तिचं मोठं घर आहे आणि एकटी असते. “कायमची ये म्हणते. रविवारी गाडी पाठवतेय. मला जायचंय असं नाही. पण त्या घरात मी सहा वर्षं भिंतीशी बोलत राहतेय. कुणी थांब म्हणालं तर थांबेन.”

कुणी म्हणजे कोण? पाणी थोडंच थांब म्हणणार आहे?

आणि नेमकी त्याच क्षणी फटाकडी बाहेर आली. लपणाच्या अगदी पुढ्यात. तपकिरी पाठ, लालसर पाय, शेपटी उडवत चिखलात टोचणारी. गेला दीड महिना जिच्यासाठी बसलो ती. माझं बोट आपसूक दाबलं गेलं. शटरचा आवाज त्या शांततेत केवढा झाला. फटाकडी गेली. ही मात्र जागच्या जागी उभी. लपणाकडे बघत. चांगला वेळ बघत होती. मी श्वास रोखून बसलो.

शेवटी ती गेली. सुदैवाने काही कळलं नाही तिला.

फोटो मिळाला. पक्ष्याचं पीस न् पीस स्पष्ट आलंय. मास्तर म्हणतील, वर्षाचा फोटो. मला तो पाहवत नाही.

२२ जानेवारी

पलंगावर बॅग उघडी पडलीय. तिने स्वतःहून अजून काही सांगितलेलं नाही, मग मी कसं विचारणार? मला कुठून कळलं, असं म्हणेल.

दाराशी येऊन उभी राहिली. “तुम्हाला काही सांगायचंय का?”

“स्कूटरचं चाक पंक्चर आहे,” मी म्हणालो. “काढून आणायचंय.”

“बरं,” ती म्हणाली.

पंक्चर नव्हतंच. तरी स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथे उभा राहिलो. आमची गॅलरी तिथून दिसते. गॅलरीत ती होती आणि तिच्या मागे मधल्या खोलीची खिडकी उघडी होती.

२४ जानेवारी

रविवार. गाडी आली आणि रिकामी परत गेली. काय झालं ते आता लिहितो. लिहिलं नाही तर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी ती आली. शाल नीट घेतलेली, प्रवासाची चप्पल. आज तिने प्लेट काढली नाही. शिट्टी नाही, बोलणं नाही. नुसती उभी. मग वळली आणि गिरणीच्या वाटेने चालू लागली. लव्हाळी तिच्या मागे मिटत गेली.

मी उठलो. इतके दिवस कुठलाही आवाज न करता उठा-बस करत होतो, पण आज दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. बांबूला धरायला गेलो आणि बांबूच हातात आला. सगळं लपण माझ्यासकट आडवं झालं. चांदवे, बगळे, पाणकावळे, तळंभर जे काही होतं ते एकदम उडालं. मी ताडपत्रीत गुरफटून चिखलात पडलो होतो आणि कॅमेरा पोटाखाली.

ताडपत्री कुणीतरी ओढून काढली. वर तिचा चेहरा.

“लागलं का?”

“नाही. मी इथे, म्हणजे मी फक्त पक्षी...”

“तुमचे बूट रोज मागून बाहेर दिसतात,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून.”

मी तिथेच बसलो. ती माझ्याशी बोलत होती. पंधरा दिवस. पाणी तिच्या डाव्या हाताला होतं आणि ती माझ्याकडे तोंड करून बोलत होती. हे सगळं मी याच वहीत माझ्या हाताने लिहून ठेवलंय, आणि मला ते वाचता आलं नाही.

“मग आत येऊन का नाही बोललीस?”

“घरात बोलले होते. सहा वर्षं. तुम्ही खोली बदलायचात. इथे निदान पळता येत नव्हतं तुम्हाला.”

“तू शिट्टी...”

“प्लेट काढली की येते. आपोआप आली एकदा, भांडी घासताना. मीच दचकले. वाटलं, तुम्हीही ऐकावी.” मग म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही ती परत वाजवलीत. मला वाटलं तोच. क्षणभरच. पण वाटलं.”

“थांब,” मी म्हणालो. एवढाच शब्द, पण तोंडातून बाहेर पडायला वेळ लागला. “जाऊ नकोस.”

ती चिखलातच माझ्याशेजारी बसली, प्रवासाच्या साडीने. उडालेले चांदवे एकेक करून परत उतरत होते.

“मग एक सांगा,” ती म्हणाली. “तो गेला त्या दिवशी तुम्ही इथे एकटे आलात. मला घरी बसवलंत, बायकांच्या गराड्यात. बघू नकोस म्हणालात. त्यानंतर मी त्याला बघितलं ते पांढऱ्या कापडात, तोंडापुरतं. इथे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. तुमच्या डोळ्यांत आहे ते सगळं, आणि तुम्ही माझ्याकडे बघत नाही.”

मी सांगितलं. कुठे काढून ठेवलं होतं ती जागा दाखवली, सपाट दगडांपाशी. अंगात पिवळी बनियन होती हे सांगितलं. डोळे मिटलेले होते. कपाळावर शेवाळ होतं, ते मी काढलं. तोंड जरासं उघडं होतं आणि तो अर्धा दात दिसत होता. मी त्याला उठ म्हणालो, दोनदा, मोठ्याने, आणि तिथल्या लोकांनी मला धरलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना आवाज माझा वाटत नव्हता.

तिने मधेच विचारलं, “केस ओले होते?”

“हो. मी पुसले.”

“कशाने?”

“रुमालाने. माझ्या खिशातल्या.”

“निळ्या काठाचा?”

मला आठवेना. मग आठवलं. “हो.”

ती हाताच्या तळव्याकडे बघत राहिली.

“तो मी धुतला दुसऱ्या दिवशी,” ती म्हणाली. “मला वाटलं, नुसता चिखल लागलाय.”